व्हीलचेअरवरून अंघोळ: जुन्या फ्लॅटचं बाथरूम नव्याने करायचंय, सल्ला हवाय (नाशिक)

गोदाकाठची | सोमवार, सकाळी 10:12

नमस्कार मंडळी,

इंदिरानगरला आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट आहे. दादाला बाईकच्या अपघातात मणक्याला इजा झाली आणि कमरेखालची ताकद, संवेदना दोन्ही गेल्या. हात ठणठणीत आहेत. घरभर व्हीलचेअर फिरते, फक्त बाथरूमच्या दाराशी अडते. तिथून पुढे बाबा काखेत हात घालून आणि मी पायांकडून, असं उचलून त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतो. बाबांचं वय आता उचलाउचलीचं राहिलेलं नाही.

बाथरूम 5 बाय 6. त्याला लागून संडास 5 बाय 3, मध्ये साडेचार इंची भिंत. दोन्ही दारं पॅसेजमध्ये शेजारी-शेजारी, अडीच फुटी, आत उघडणारी. उंबऱ्याला चार इंचांची ग्रॅनाइट पट्टी. गॅस गीझर आतच आहे, वर एक छोटी खिडकी. खाली पांढरी गुळगुळीत टाइल, ओली झाली की मीसुद्धा भिंत धरून चालते.

एका इंटिरिअरवाल्यांना दाखवलं. त्यांनी मोबाइलवर काचेच्या क्यूबिकलचे फोटो दाखवले, "एक स्टीलचा दांडा लावून देऊ, झालं दिव्यांगांसाठी" म्हणाले आणि कोटेशन पाठवलं. मला ते पटलं नाही. पण मग नेमकं मागायचं काय, हेही कळत नाहीये. कुणी घरी असं काम करून घेतलंय का?

रोखठोक | सोमवार, 10:40

एवढी तोडफोड कशाला? चांगली जड खुर्ची घ्या, बादली, तांब्या. आमच्या आजोबांचं शेवटपर्यंत तसंच केलं, कुठे काय अडलं?

नळकारागीर | सोमवार, दुपारी 1:25

ताई, खुर्ची-दांडा सगळं नंतर बोलू. आधी तो गॅस गीझर बाहेर काढा. आजच्या आज.

गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममध्ये ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग शुद्ध हरपते. धडधाकट माणूससुद्धा कडीपर्यंत पोचत नाही. तुमच्या भावाची अंघोळ सावकाशीने होणार, म्हणजे तो आत जास्त वेळ बसणार आणि त्याला पटकन बाहेर पडता येणार नाही. छोट्या खिडकीच्या भरवशावर राहू नका, थंडीत ती लोक बंदच करतात.

आणि बाहेर ड्राय बाल्कनीत बसवला तरी या कामाला गॅस गीझर मला पसंत नाही. त्यात पाणी वाहता-वाहता तापतं. नळ थोडा बारीक केला की तेच पाणी जास्त कढत येतं. ज्याच्या पायाला चटका कळत नाही त्याच्यासाठी हे वाईट. टाकीवाला इलेक्ट्रिक गीझर घ्या, थर्मोस्टॅट असलेला.

रोखठोक भाऊ, प्लास्टिकच्या खुर्चीचं म्हणाल तर ती सरळ बसायला ठीक. हातांवर भार देऊन अंग तिरकं सरकवलं की ओल्या टाइलवर तिचे पाय फाकतात. असे फाकलेले पाय मी कामावर बरेच पाहिलेत.

गोदाकाठची | सोमवार, 1:50

बापरे. सिलिंडर आत्ताच बंद केला. संध्याकाळी काढायला माणूस येतोय. तोवर शेगडीवर पातेलं.

वास्तुरेषा | सोमवार, रात्री 9:05

मी आर्किटेक्ट आहे, गंगापूर रोडला काम करतो. थोडं लांबलचक लिहितो.

पहिलं, क्यूबिकल विसरा. काचेच्या दाराला खाली पट्टी असते, दार बाहेर उघडायला जागा लागते आणि चाक आत जात नाही.

दुसरं, मधली साडेचार इंची भिंत काढता आली तर निम्मं काम झालं. ती बहुधा भार घेत नाही, पण हे नकाशा बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून द्यायला हवं. सोसायटीलाही पत्र द्या. भिंत गेली की 5 बाय साधारण सव्वानऊ फुटांची एक खोली मिळते. संडासाचं दार बुजवायचं आणि बाथरूमचं दार रुंद करायचं, मोकळं माप 900 मिमी, म्हणजे तीन फूट. मोकळं म्हणजे चौकट आणि दाराची जाडी सोडून उरतं ते. तुमच्या अडीच फुटी दारात प्रत्यक्षात सव्वादोन फुटांच्या आसपासच उरत असेल, आणि हाताने चाक फिरवायचं तर बोटांनाही जागा लागते. दार सरकतं करा, पॅसेजच्या बाजूने. बुजवलेल्या दाराची भिंत त्याला सरकायला आयतीच मिळेल. आत उघडणारं दार तर नकोच: माणूस आत पडला तर तो दारालाच आडवा येतो आणि बाहेरून दार ढकलता येत नाही.

व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला 1500 मिमीचं वर्तुळ लागतं. केंद्र सरकारच्या 2021च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच माप आहे. पाच फूट म्हणजे 1524 मिमी, कागदावर बसतं. पण नकाशातलं माप विटेपासून विटेपर्यंतचं असेल, तर प्लास्टर आणि टाइल दोन्हीकडून गेल्यावर 1450च्या आसपासच उरेल. उद्या टेप घ्या आणि टाइल ते टाइल मोजा. कमी पडलं तर वॉश बेसिन खालून मोकळं ठेवायचं, पाय ठेवायची फळी त्याखालून फिरते.

अमेरिकेच्या 2010च्या एडीए (तिथला दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा) मानकांत शॉवरचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक 36 बाय 36 इंचांचा, व्हीलचेअर बाहेर ठेवून आतल्या सीटवर सरकायचं. तो मुद्दाम इतका लहान, की बसल्या जागेवरून नळ, साबण, दांडा सगळ्याला हात पोचावा. दुसरा 30 बाय 60 इंचांचा, चाकाच्या खुर्चीसकट आत जायचं. तुमच्याकडे दोन्ही बसू शकतात. मी दुसरा सुचवेन.

पांढरी_काठी | सोमवार, रात्री 10:20

माझी दृष्टी बरीच कमी आहे, त्यामुळे एक मुद्दा टाकून जातो. नवी टाइल निवडताना सगळं पांढरंशुभ्र करू नका. पांढरी भिंत, पांढरा कमोड, पांढरी सीट, चकचकीत स्टीलचा बार, म्हणजे धरायचा दांडा: माझ्यासारख्याला हे सगळं एकच धुकं दिसतं. सीट आणि बार भिंतीच्या तुलनेत गडद हवेत. आई-बाबांच्या डोळ्यांनाही पुढे उपयोग होईल.

एका हॉटेलात खास दिव्यांगांसाठीची खोली घेतली होती. बार होते, सीट होती, आणि हँड शॉवर टांगलेला सहा फुटांवर. खाली बसलेल्या माणसाने तो कसा काढायचा, हे काम करणाऱ्यांपैकी कुणालाच सुचलं नाही.

ओटीताई | मंगळवार, सकाळी 8:15

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं माणसाला स्वतः करता यावीत यासाठी मदत करते. वास्तुरेषांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण मापांच्या आधी मला काही विचारायचंय, आणि ते दादालाच विचारायचंय.

पलंगावरून व्हीलचेअरवर तो एकटा जातो का? कोणत्या बाजूने? सरकफळी लागते की हातांवर उचलून जातो? पाठीला आधार नसताना दोन्ही हात सोडून बसता येतं का? पाय अचानक ताठरतात का? अंघोळीच्या आधी संडास, की दोन्ही वेगळ्या वेळी?

याची उत्तरं मिळेपर्यंत बार कुठे लावायचा हे कुणीच सांगू नये, मीसुद्धा.

तोच_दादा | मंगळवार, रात्री 11:48

मीच तो. बहिणीने लिंक पाठवली. माझ्या अंघोळीवर गावभर चर्चा चालू आहे हे वाचून मजा वाटली, म्हणून खातं उघडलं.

पलंगावरून मी एकटा जातो, सरकफळीवरून. नेहमी डावीकडे. हात ठणठणीत असं बहिणीने लिहिलंय, पण उजवा खांदाही त्याच अपघातात दुखावलाय. त्यावर पूर्ण भार आला की कळ येते. घरी बोललो नाही कारण रोज उचलणाऱ्यांना आणखी काय सांगायचं. हात सोडून बसता येतं, थोडा वेळ. पाय ताठरतात, गार पाणी अंगावर आलं की हमखास. संडास आधी, मग अंघोळ, एकाच फेरीत झालं तर बरं.

आता माझं मागणं. मला दार आतून लावून अंघोळ करायची आहे. सध्या दार उघडं, टॉवेल गुंडाळून मला पॅसेजमधून खोलीत नेतात, आणि नेमकी तेव्हाच बेल वाजते. दुसरं, साबण. हातातून निसटला की तो माझ्यासाठी संपला, हाक मारावी लागते. अख्ख्या अंघोळीत सगळ्यात जास्त राग मला त्या साबणाचा येतो. सीट कशी हवी वगैरे तुम्ही सांगा, पण साबणाचं काहीतरी करा.

निफाडकर | बुधवार, सकाळी 7:30

दादा, साबणाला जाळीची पिशवी. दोरी घालून बारला बांधायची, फेस जाळीतूनच येतो. आमच्या आईसाठी हेच केलंय.

आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. आम्ही हौसेने शॉवर बसवला, तिने एकदाही वापरला नाही. "अंगावर शिंतोडे उडवून घेण्याला अंघोळ म्हणत नाहीत," एवढंच म्हणाली. खरं कारण आमच्याकडची थंडी. डिसेंबर-जानेवारीत निफाडात शॉवरखाली जेवढं अंग भिजतं तेवढंच ऊबदार, बाकीचं कुडकुडतं. तांब्याने भसकन पाणी ओतलं की बरं वाटतं.

मग मिस्त्रीला सांगून सीटच्या डावीकडे, म्हणजे तिच्या चांगल्या हाताकडे, दहा इंच उंचीचा छोटा ओटा बांधला. त्यावर बादली, आणि नळ बरोबर बादलीच्या वर. बादलीची कडा मांडीच्या उंचीला येते. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलोच्या वर वजन, ती कुणी का हलवावी? बाहेरच्या देशांच्या मानकांत बादली कुठून असणार, ती आपली आपणच बसवायची. ओट्याच्या कडा गोल घासून घ्या.

नळकारागीर | बुधवार, दुपारी 2:10

ओटा झकास. पुढचं काम करताना मीपण सुचवीन.

आता ढाळाबद्दल, कारण खरं काम तिथेच बिघडतं. सध्याचा न्हाणी ट्रॅप (फरशीतली पाणी जायची जाळी) कोपऱ्यात आहे, म्हणजे फरशीला चहूकडून कोपऱ्याकडे उतार. त्यावर चाकाची खुर्ची एका चाकावर डुगडुगते. त्यापेक्षा दारासमोरच्या भिंतीला लांब जाळीचा ड्रेन टाका आणि सगळी फरशी एकाच दिशेला उतरवा. 50ला 1 ढाळ पुरतो, पाच फुटांना 30 मिमी. यापेक्षा जास्त उतार दिला तर खुर्ची आपोआप घरंगळते, कमी दिला तर पाणी साचून शेवाळतं.

चार इंचांची पट्टी काढायची तर आतली फरशी खाली न्यावी लागेल. बाथरूमचा स्लॅब बहुधा बुडवलेला असतो, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला. तो खणून किती खाली जाता येतं ते बघा. मग पॅसेज आणि बाथरूम एका पातळीत येतं. फार तर अर्ध्या इंचाचा उंबरा, तोही तिरका घासलेला. दाराशी एक अरुंद जाळी वेगळी टाका म्हणजे पाणी पॅसेजमध्ये येणार नाही. जुनं वॉटरप्रूफिंग या खोदाईत जाणारच, ते नव्याने करायचं. टाइल लावायच्या आधी पाणी भरून 48 तास ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्यांना त्यांचं छत बघायला सांगा. टाइल लावल्यावर गळती कळली तर सगळं पुन्हा फोडायचं.

बार टॉवेलच्या दांड्याच्या दुकानातून आणू नका. 304 ग्रेडचं स्टील, दीड इंच व्यासाचा. भिंत आणि बारमध्येही दीडच इंच फट, जास्त ठेवली तर हात घसरून कोपरापर्यंत आत अडकतो. साडेचार इंची विटेच्या भिंतीत नुसता प्लग मारून भागत नाही. आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी. नव्या इमारतींमधल्या सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंती तर फारच भुसभुशीत, तिथे हे केल्याशिवाय बार लावूच नये. लावून झाला की मी स्वतः लोंबकळून बघतो. रबराच्या चकत्यांनी चिकटणारे बार मिळतात, ते फार तर टॉवेल अडकवायला ठेवा.

रोखठोक | बुधवार, 3:00

आणि खर्च? एका माणसासाठी अख्खं घर उकरायचं?

वास्तुरेषा | बुधवार, रात्री 9:30

टाइल आणि वॉटरप्रूफिंग जुन्या इमारतीत कधीतरी करावंच लागतं. उंबरा ठेवून केलं काय आणि काढून केलं काय, मजुरीत फार फरक पडत नाही. बार आणि सीट हा त्यातला लहान खर्च. पैसे उडतात ते दिखाऊ मिक्सर-पॅनेलवर, आणि नेमके तेच गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर नीट चालत नाहीत. दहा मीटर उंचीला एक बार (हे दाबाचं एकक) एवढाच दाब मिळतो, तुमच्या दुसऱ्या मजल्यावर त्याहून कमी. थर्मोस्टॅटिक मिक्सर (पाण्याचं तापमान ठरलेलं ठेवणारा नळ) घेतलात तर कमी दाबावर चालणाराच मागा.

"एका माणसासाठी" याबद्दल: युनिव्हर्सल डिझाइन ही संकल्पना 1985 साली मांडणारे रोनाल्ड मेस अमेरिकन आर्किटेक्ट होते. लहानपणी पोलिओ झालेला, स्वतः व्हीलचेअरवर. विद्यार्थी असताना त्यांना वर्गात जायला जिन्यावरून उचलून न्यावं लागे आणि संडासात खुर्ची मावत नसे. त्यांचं म्हणणं होतं की वेगळं 'अपंगांचं' काही बांधूच नका, सगळ्यांना जमेल असंच पहिल्यापासून बांधा. या घरात आई-बाबाही राहतात, रोखठोक.

दादा, तुमच्या उत्तरानंतर माझा आराखडा बदलला. डावीकडे सरकता, तर सीट डाव्या भिंतीलगत आणि व्हीलचेअर तिच्या उजव्या हाताला, दोन्हींची तोंडं एकाच दिशेला. आधी मी बरोबर उलट काढलं होतं.

ओटीताई | बुधवार, रात्री 10:45

दादा, इतकं स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल आभार. आता बोलता येईल.

सीटची उंची पुस्तकात 17 ते 19 इंच असते. तुमच्या व्हीलचेअरची गादी तुमचं वजन पडल्यावर जमिनीपासून किती उंच राहते ते मोजा, सीट तेवढीच ठेवा. जाताना उतार सोपा वाटतो, पण येताना त्याचाच चढ होतो, तोही ओल्या अंगाने आणि दुखऱ्या खांद्याने. सीट भिंतीवर दुमडणारी असेल तर खाली पाय असलेली घ्या. उजव्या बाजूला वर उचलता येणारा बार लावा, सरकताना वर, बसल्यावर खाली. डाव्या भिंतीवर आडवा बार. पाठीमागे बार नको, पाठ टेकता येत नाही.

सीट मऊ पण न भिजणारी हवी. लाकडी-प्लास्टिकची कडक फळी नको, संवेदना नसलेल्या त्वचेला थोड्या वेळातही दाबाची जखम होऊ शकते. ओली त्वचा घासली की लवकर सोलते, म्हणून सरकण्याआधी टॉवेल अंथरा. अंघोळीनंतर आरशात बघून लाल चट्टा आहे का ते तपासा.

पाण्याचं: आधी गार, मग गरम, आणि जिथे संवेदना शाबूत आहे त्या मनगटावर तपासून मगच पायांवर. 60 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं. एडीएत शॉवरच्या पाण्याची कमाल मर्यादा 49 अंश आहे. वॉशिंग मशिन सुरू झालं की गार पाण्याचा दाब पडतो आणि मिक्स केलेलं पाणी एकदम कढत होतं, तेव्हा अंघोळीच्या वेळी मशिन बंद. हँड शॉवरची नळी निदान दीड मीटर, अडकवायची पट्टी वर-खाली सरकणारी, आणि नळीवरच बंद करायचं बटण. बटण सोडलं की धार थांबेल असंच घ्या, म्हणजे शॉवर हातातून निसटला तरी गार पाण्याचा फवारा पायांवर येत नाही.

दाराला बाहेरून नाण्याने उघडता येणारी कडी मिळते. आत दार तुमचंच, अडचणीत उघडेल मात्र. आणि बेल: बटण भिंतीवर उंच नको, जमिनीपासून हातभर अंतरापर्यंत लोंबणारी दोरी. पडलेल्या माणसाला तीच हाताला लागते.

संडास आणि अंघोळ एका फेरीत हवं, तर कमोडवर नेता येणारी चाकांची शॉवर चेअर हाही मार्ग आहे. त्यात एकदा पलंगावरून चढलं की मध्ये सरकायचंच नाही, खांदा वाचतो. मोठ्या चाकांची घ्या, स्वतः चालवता येते. पावडर कोटिंगची लोखंडी गंजते, स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियमची बघा.

काहीही खणण्याआधी एक करा. खडूने पूर्ण मापाची खोली पार्किंगमध्ये आखा, सीटच्या जागी त्याच उंचीचा बाक ठेवा आणि कपड्यांसकट कोरडी अंघोळ करून बघा.

कुंभमेळा_2027 | गुरुवार, सकाळी 9:00

अवांतर: घरच्या बाथरूमचं एवढं चाललंय, रामकुंडाच्या पायऱ्यांचं काय? पर्वणीच्या गर्दीत व्हीलचेअर पाण्यापर्यंत कशी न्यायची? घाटावर एखादी उतारवाट आणि धरायला कठडे हवेत.

पांढरी_काठी | गुरुवार, 9:20

त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो. तिथल्या पायऱ्यांची कडसुद्धा ओली असताना मला दिसत नाही.

तोच_दादा | रविवार, संध्याकाळी 6:40

आज सकाळी पार्किंगमध्ये खडूने बाथरूम आखलं. टाइल ते टाइल 1470 मिमी भरलं, म्हणजे बेसिनखालून पाय फिरवावे लागणार. वॉचमन काकांना वाटलं गाडी लावायला जागा आखतोय, त्यांनी हरकत घेतली. मग त्यांनाच भिंत म्हणून उभं केलं.

गादी दाबून साडेवीस इंच भरते, बाक तेवढा केला. सरकणं जमलं, फळीशिवायसुद्धा, पण खांद्याचा विचार करून फळी ठेवणार. सीट भिंतीला अगदी चिकटून असली की डोकं चोळताना डावा कोपर वॉचमन काकांना लागतो. चार इंच उजवीकडे घेतलं की लागत नाही, आणि बारलाही हात पोचतो. बादलीचा ओटा मला समोर-डावीकडे हवा, शेजारी नको, तिथे पाय ताठरले की धडकतात. शॉवर चेअर एका ओळखीच्यांची दोन दिवस मागून आणतोय, तीपण करून बघतो.

वास्तुरेषा | रविवार, रात्री 8:15

सीट चार इंच सरकली की उचलता बारही सरकेल आणि व्हीलचेअरची जागा दाराकडे येईल. दार त्याच अंगाला चार इंच न्यावं लागेल, तिकडे भिंत उरते का ते बघतो. शॉवर चेअर कमोडवर नीट जाते का, मधे किती फट राहते, तेवढं आणलीत की मोजून कळवा. कमोड भिंतीवर टांगता घ्यायचा असेल तर त्याची उंची त्यावरच ठरेल. तोवर टाइलवाल्याला थांबवून ठेवा.

गोदाकाठची | रविवार, 8:32

थांबवलंय. टाइल दादाच निवडणार आहे, गडद सीट आणि फिकट भिंत ठरलंय. पायाला खरखरीत लागेल अशी मॅट हवी, दुकानात पाणी टाकून बघायला देतात का कुणी?

नळकारागीर | रविवार, 9:05

देतात. नमुन्याच्या तुकड्यावर साबणाचं पाणी टाका आणि अनवाणी उभं राहून टाच सरकवून बघा. नुसत्या पाण्यावर सगळ्याच टाइल चांगल्या वाटतात. आणि मोठ्या टाइलपेक्षा लहान घ्या, सांधे जास्त येतात, पकड वाढते. फक्त सांध्यांत इपॉक्सीचं ग्राउट (सांधे बुजवायचा मसाला) भरा, सिमेंटचं काळं पडतं.